आधी बाकू, मग येरेवान

भारताचा पासपोर्ट नाशिकरोडला छापला जातो. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ सालची. पोस्टाची तिकिटं, स्टॅम्पपेपर, पासपोर्ट आणि आता चिप बसवलेले ई-पासपोर्ट, सगळा माल इथला. त्यामुळे जगाच्या पाठीवर कुठेही एखादा भारतीय इमिग्रेशनच्या खिडकीत पासपोर्ट सरकवतो तेव्हा त्यातला थोडा मान नाशिकचा असतो, असं आमच्या बापूंचं म्हणणं आहे. (शेजारीच नोटांचाही छापखाना आहे, पण नोटांच्या बाबतीत नाशिककरांची परिस्थिती उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळी नाही.) मात्र पासपोर्ट छापणाऱ्या गावात आयुष्य काढलं, म्हणून तो कुठल्या देशात आधी दाखवायचा आणि कुठल्या देशात नंतर, ही अक्कल आपोआप येत नाही. ती आम्हाला कॉकेशसने दिली, आणि तीही आम्ही तिथे न जाता.

आमचं मंडळ कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरचं. जॉगिंग हा शब्द फक्त ट्रॅकच्या नावात आहे. आम्ही चालतो, तेही बोलण्यात खंड पडणार नाही अशा बेताने. बापू दिंडोरीचे द्राक्षबागायतदार, नातवंडांच्या शाळेपायी शहरात राहायला आलेले. सर भूगोलाचे, निवृत्त झाले, पण तास अजून संपलेला नाही. नाना सरकारी खात्यात होते आणि अजूनही प्रत्येक गोष्टीची पावती मागतात. शिवाय चारही घरच्या वहिनी. त्या ट्रॅकवर येत नाहीत, पण अंतिम निर्णय त्यांच्याकडे असतो. मला एक्सेल येतं म्हणून मला सेक्रेटरी केलं. म्हणजे ठराव सगळ्यांचे आणि शिव्या माझ्या.

थायलंड झालं होतं, दुबई झाली होती, बालीला माकडाने नानांचा चष्मा पळवला होता. आता युरोप, असं सगळ्यांच्या मनात होतं. पण युरोप म्हटलं की आधी मुंबई आली. पंचवटी एक्सप्रेसने जायचं, बँकेचं स्टेटमेंट, आयटी रिटर्न आणि लग्नाचा दाखला छातीशी धरून बसायचं, दहा बोटांचे ठसे द्यायचे, आणि मग पलीकडच्या कोणीतरी ठरवायचं, की हे सत्तरीला टेकलेले गृहस्थ पॅरिसमध्ये लपून राहून भांडी घासतील की नाही. नानांना हा अपमान वाटला. नानांच्या वहिनी म्हणाल्या, "घरी एक कप विसळत नाहीत. लिहून देते मी तसं."

त्यावर कॉलेज रोडवरच्या एका टूरवाल्या पोराने तोडगा काढला. कॉकेशस! अझरबैजान, जॉर्जिया, आर्मेनिया. बर्फ तोच, चर्चं तशीच, खर्च निम्मा, आणि व्हिसा घरबसल्या कॉम्प्युटरवर. एका सहलीत तीन देश, म्हणजे नातेवाइकांना सांगताना तीन वेळा सांगता येणार. मंडळाने एकमताने ठराव केला. एकमताने झालेला तो शेवटचा ठराव.

घोळ क्रमापासून सुरू झाला. मी तिकिटं चाळली तर आधी येरेवान आणि शेवटी बाकू असं गेलं की माणशी चांगले पैसे वाचत होते. मी अभिमानाने तक्ता पुढे केला. पोरगा तक्ता बघून दचकलाच.

"काका, आधी बाकू, मग तिबिलिसी, मग येरेवान. उलटं नको."

"का?"

"आर्मेनियाचा शिक्का घेऊन बाकूत उतरलात की चौकशी सुरू. का गेला होतात, कोणाला भेटलात, कुठे कुठे फिरलात."

"आम्ही काय हेर वाटतो?"

पोराने आमच्याकडे एकदा पाहिलं. सरांच्या डोक्यावर माकडटोपी होती. त्याने उत्तर दिलं नाही, हा त्याचा सभ्यपणा.

मग सरांनी नकाशा आणला. घडीचा, भिंतीवर टांगायचा, काठीसकट. आर्मेनियाला शेजारी चार. तुर्कस्तानने १९९३ मध्ये सीमा बंद केली ती बंदच. अझरबैजानशी त्याच्याही आधीपासून वैर. राहिले जॉर्जिया आणि इराण. अझरबैजानची तर आणखी तऱ्हा: मार्च २०२०मध्ये कोरोनासाठी त्यांनी जमिनीवरच्या सगळ्या सीमा प्रवाशांना बंद केल्या. कोरोना गेला, लस झाली, बूस्टर झाला, आम्ही चौकशी करत होतो तेव्हाही ते दार उघडलं नव्हतं.

"म्हणजे बाकूहून तिबिलिसीला रेल्वेने नाही?" नानांनी विचारलं. त्यांना रेल्वेत डबा उघडून जेवायचं होतं.

"नाही. विमानाने."

"आणि बाकूहून थेट येरेवानला?"

"जाताच येत नाही."

"अहो, पण शेजारी ना ते?"

"म्हणूनच," सर म्हणाले.

बाकू ते येरेवान हवाई अंतर नाशिक-नागपूरपेक्षाही कमी आहे. तेवढं कापायला तिसऱ्या देशातून जायचं, हे ऐकून बापू खूश झाले. नाशिकच्या विमानतळावरून बऱ्याच ठिकाणी जायचं तर असाच वळसा पडतो, त्यामुळे त्यांना ते एकदम घरचं वाटलं.

खरा बॉम्ब पुढेच होता. पोरगा म्हणाला, आर्मेनियन वंशाच्या माणसाला, पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो, बाकूत शिरणं जवळपास अशक्य. आणि हे वंश ओळखतात कसे? तर आडनावावरून. खाचातुरियान, पेट्रोसियान. बहुतेक आर्मेनियन आडनावं 'यान'वर संपतात. हे ऐकून नाना हळूच पाणी प्यायले. त्यांच्या वहिनींनी पर्समधून पासपोर्ट काढला. नानांनी पासपोर्टचा अर्ज स्वतः, कोणालाही न विचारता भरला होता, आणि वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात गेलं होतं. वडिलांचं नाव नारायण. इंग्रजीत मोठ्या अक्षरांत, शेवटी ठसठशीत 'यान'.

पुढचा आठवडाभर ट्रॅकवर दुसरा विषय नव्हता. नानांनी शाळा सोडल्याचा दाखला लॅमिनेट करून घेतला. बाकूच्या अधिकाऱ्याला तो दाखवायचा, म्हणजे दिंडोरी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आर्मेनियन शिकत नसत हे त्याला पटेल. सरांनी सुचवलं, बाकूजवळ सुराखानीला आतेशगाह नावाचं अग्निमंदिर आहे. सतराव्या-अठराव्या शतकात तिथे हिंदुस्थानी व्यापारी राहत. भिंतीवरच्या शिलालेखात देवनागरीत श्रीगणेशाला नमन आहे. त्याच्या शेजारी नानांना उभं करून फोटो काढू, तोच पुरावा. "पण तिथे पोचायला आधी विमानतळाबाहेर पडावं लागेल ना," असं मी म्हणालो, तर मला नकारात्मक ठरवण्यात आलं.

या मंदिराने मात्र वहिनी मंडळींचं मन जिंकलं. जमिनीतून आपोआप निघणारी ज्वाला! सप्तशृंगीला चैत्रात पायी जाणाऱ्या घराण्यातल्या बायका. त्यांनी ओटीचं सामान काढलं. तेव्हा सरांना राहवलं नाही. त्यांनी सांगितलं, की आपोआप निघणारा गॅस १९६९ मध्येच संपला, आताची ज्वाला पाइपच्या गॅसवर आहे.

"आपल्याकडे रस्ते खोदून टाकलेत, तसला पाइप?" बापूंच्या वहिनींनी विचारलं.

"तसलाच."

"मग रस्ते खोदलेले असतील तिथेही," त्या म्हणाल्या, आणि चपलांची वेगळी जोडी घ्यायचं ठरलं.

माझ्या घरी वेगळीच आघाडी उघडली. बायकोचं माहेर पैठण. नाशिकच्या माणसाने पैठणची बायको करणं म्हणजे काय, हे दर ऑक्टोबरात कळतं. गंगापूर आणि दारणा धरणांतून पैठणच्या जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही, सोडायचं तर किती, यावर पेपरात बातम्या सुरू झाल्या की आमच्या जेवणाच्या टेबलावर २००५चा कायदा आणि समन्यायी पाणीवाटप येतं. "तुम्ही वरचे लोक अडवून बसता," असं ती मला म्हणते. मी एकटा गंगापूर धरणाच्या दारावर बसलो असल्यासारखं. तिने सरांच्या नकाशात नद्या पाहिल्या. कुरा तुर्कस्तानातून निघून जॉर्जियातून येते, अरस आर्मेनियाच्या सीमेने येते, आणि दोन्ही शेवटी अझरबैजानात उतरून कॅस्पियनला मिळतात.

"म्हणजे बाकूवाले खालचे," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे पैठणवाले." त्या दिवसापासून ती अझरबैजानची झाली. कॅस्पियनचं पाणी वर्षानुवर्षं खाली जातंय हे तिला कुठूनतरी कळलं आणि तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी गुपचूप बागेचा नळ बंद केला.

तिकडे बापू जॉर्जियाचे. त्यांना चर्चं, डोंगर, कशाशीच कर्तव्य नव्हतं. आठ हजार वर्षांपूर्वी तिथे द्राक्षाची दारू होत होती असं २०१७ मध्ये संशोधकांनी पुराव्यानिशी मांडलं, आणि अजूनही तिथले लोक मातीचे मोठाले रांजण जमिनीत पुरून त्यात वाइन करतात. २०१३ मध्ये युनेस्कोने त्या पद्धतीला मानाचं पान दिलं. नाशिकला वाइनची राजधानी म्हणवून घेऊन पुरती तीस वर्षंही झाली नाहीत, तेव्हा बापू जरा नरमले; पण त्यांचे प्रश्न संपेनात. "छाटणी कधी करतात? डावणी येते का? घड किती ग्रॅमचा? थॉमसन लावलीय का?" पोराने "गाइड सांगेल" असं म्हणत सुटका करून घेतली. आर्मेनियातही एका गुहेत सहा हजार वर्षांपूर्वीचा द्राक्षं तुडवायचा घाणा सापडलाय, असं सरांनी सांगितलं. बापूंनी ते अमान्य केलं. त्यांचा देश ठरला होता.

सर आर्मेनियाचे, आणि त्यामागे राष्ट्रीय कारण होतं. पिनाका रॉकेट प्रणाली पुण्यात, पाषाणच्या प्रयोगशाळेने घडवलेली. ती आर्मेनियाने २०२२ मध्ये आपल्याकडून घ्यायचं ठरवलं.

"आपली द्राक्षं घेतात का ते सांगा," बापू म्हणाले.

अशा रीतीने तीन देशांची भांडणं विमानभाडं न भरता कृषीनगरला येऊन पोचली. फक्त नाना तटस्थ होते. येरेवानमधून अरारत पर्वत फार सुंदर दिसतो, पण तो आहे तुर्कस्तानच्या हद्दीत, असं सरांनी सांगितलं, तेव्हा नानांचा प्रश्न एकच होता: "मग तिकिटाचे पैसे कोण घेतं?"

हे सगळं वैर पेटलं ते एका रविवारी, मिसळ खाताना. सर सांगत होते, की लवाश नावाची पातळ रोटी २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आर्मेनियाच्या नावावर लागली, त्यावर शेजारी खवळले, आणि २०१६ मध्ये अझरबैजान, इराण, तुर्कस्तान, कझाकस्तान, किरगिझस्तान अशा पाच जणांनी मिळून आपली रोटी वेगळी लावून घेतली. पुढच्याच वर्षी अझरबैजानने पानात गुंडाळलेला डोलमाही नोंदवून टाकला.

"पोळीवरून भांडतात!" बापू हसून हसून लाल झाले. "काय माणसं आहेत!"

"हो ना," सरांच्या वहिनी म्हणाल्या. "आता ही मिसळ घ्या. चांगली आहे, पण कोल्हापूरची सर नाही." वहिनींचं माहेर कोल्हापूर.

बापूंचं हसू थांबलं. त्यांनी पाव खाली ठेवला. नाशिकची मिसळ काळ्या मसाल्याची, तिच्याबरोबर पापड येतो, दही येतं, शेवटी जिलबी येते. कोल्हापुरात नुसतं लाल पाणी देतात आणि माणसाला रडवतात, असं ते बोलून गेले. सरांनी पत्नीची बाजू घेतली. सरांना स्वतःला तिखट सोसत नाही, ते दोन्हीकडे दहीच मागतात, पण प्रश्न सार्वभौमत्वाचा होता. त्या दिवशी दोघांनी वेगवेगळी बिलं दिली आणि दुसऱ्या सकाळी ट्रॅकवर उलट-सुलट दिशांनी चालायला सुरुवात केली.

तारखा ठरवणं हे माझं खातं. बापूंना ऑक्टोबरात गोडी छाटणी, जानेवारीपासून माल काढणी, एप्रिलात खरड छाटणी. नेमका सप्टेंबर-ऑक्टोबरात जॉर्जियाचा द्राक्षतोडीचा सण. तो बघायलाच बापूंना जायचं, आणि तेव्हाच त्यांना निघता येत नाही. उरला पावसाळा. त्यात आषाढी, श्रावण, गणपती. पितृपक्षात तिकिटं स्वस्त, पण तेव्हा निघायला कोणी तयार नाही. फक्त नाना, तेही तिकिटाचा आकडा ऐकल्यावर. "पितरांना काय, ते कुठेही येतात," असं म्हणाले. पुढच्या वर्षावर ढकलावं, तर सिंहस्थ आला. नाशकात घर असलेल्या माणसाला कुंभमेळ्यात परदेशी जाण्याची मुभा नसते, दूरदूरचे नातेवाईक आतापासून "तुमच्याकडे संडास किती?" म्हणून फोन करतात.

शेवटी मे महिन्याच्या अखेरीची तारीख धरली आणि ॲडव्हान्स भरला. बातमी पसरली. एका वहिनींच्या बहिणीचा फोन आला: "जॉर्जियाला निघालात ना? आमचा भाचा अटलांटाला आहे. त्याच्यासाठी चिवडा न्याल का?" तो जॉर्जिया वेगळा, हे पटवायला बराच वेळ गेला. तरी चिवडा घरी आलाच. चार किलो.

मग २२ एप्रिल २०२५ला पहलगामचा दहशतवादी हल्ला झाला. बरेच दिवस ट्रॅकवर सहलीचं नाव कोणी काढलं नाही. अटारीची सीमा बंद झाली, पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, ताश्कंद-अल्माटीची दिल्लीहून जाणारी विमानं थांबली. मे महिन्यात तुर्कस्तान आणि अझरबैजान पाकिस्तानच्या बाजूने बोलले, आणि आपल्याकडे दोन्ही देशांवर बहिष्काराची लाट आली. २०२४ मध्ये दोन लाखांहून जास्त भारतीय बाकूला जाऊन आले होते. आता बुकिंगं धडाधड रद्द होऊ लागली. पुण्याच्या मार्केट यार्डात व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद नाकारलं. नानांनी फ्रीजमधल्या सफरचंदावरचं स्टिकर भिंग घेऊन वाचलं. न्यूझीलंडचं निघालं. तरी ते त्यांनी दोन दिवस संशयावरून वेगळं ठेवलं.

ग्रुपवर नानांचा संदेश सगळ्यांत कडक: "बाकूच्या भूमीवर पाऊल ठेवणार नाही. राष्ट्र प्रथम." तो आला सकाळी. दुपारी मी टूरवाल्याचं उत्तर कळवलं: ॲडव्हान्स परत मिळणार नाही. संध्याकाळी नानांचा दुसरा संदेश: "भावनेच्या भरात निर्णय घेऊ नयेत. सर्व बाजूंनी विचार व्हावा." रात्री तिसरा: "पाऊल न ठेवता नुसतं विमान बदलता येईल का?"

बाकू वगळलं. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. खालच्या लोकांवर नेहमीच अन्याय होतो, असं शेजारणीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली. पण देशासाठी तिनेही सोडलं. आता फक्त जॉर्जिया आणि आर्मेनिया, जूनच्या अखेरीला. १३ जूनला इस्राएलने इराणवर हल्ला केला. इराणवरचं आकाश विमानांना बंद झालं, आणि आपल्या सरकारने इराणमधले विद्यार्थी बाहेर काढले ते कुठून? आर्मेनियातून. टीव्हीवर येरेवानहून आलेली पोरं दिल्लीला उतरताना दिसत होती.

"बघा," बायको म्हणाली, "लोक जीव वाचवायला ज्या रस्त्याने पळतायत, त्या रस्त्याने तुम्ही पैसे भरून उलटे निघालात."

सहल पुढे गेली. ऑगस्टच्या आठ तारखेला तर कमाल झाली: अझरबैजानचे अध्यक्ष आणि आर्मेनियाचे पंतप्रधान वॉशिंग्टनला भेटले, तहाच्या मसुद्यावर आद्याक्षरं झाली, दोघांनी हात मिळवले. पस्तीस-सदतीस वर्षांचं वैर. सरांनी ती बातमी ग्रुपवर टाकली. बापूंनी त्यावर अंगठाही दिला नाही. मिसळीचा प्रश्न सुटलेला नव्हता.

कंटाळून मी म्हणालो, परदेश राहू द्या, गोव्याला जाऊ. बेळगाव करू, कुंदा घेऊ, चोर्ला घाटाने उतरू. सर्वोच्च न्यायालयात बेळगावच्या सीमेचा दावा २००४ पासून चालू आहे, याची सरांनी आठवण दिली. शिवाय फेब्रुवारीत भाषेवरून बसच्या कंडक्टरला मारहाण झाली होती, दोन्हीकडच्या एसट्यांना काळं फासलं गेलं होतं आणि गाड्या काही दिवस बंद होत्या. "मग सापुताऱ्याला जाऊ," नाना म्हणाले. "सुरगाणा तालुक्यातून दोन तास." त्यावर सर म्हणाले, सुरगाण्याच्या काही गावांनी डिसेंबर २०२२ मध्ये सोयी मिळत नाहीत म्हणून आम्हाला गुजरातला जोडा अशी मागणी केली होती. नानांनी लगेच विचारलं, "जोडलं तर पासपोर्ट लागेल?" ते गमतीने बोलत होते की खरंच, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. आडनाव दुरुस्तीचा अर्ज त्यांनी अजून भरलेला नाही.

तर आजची स्थिती अशी. जॉर्जिया पक्का, आर्मेनिया जवळपास पक्का, बाकूचा विषय काढायचा नाही. बापू आणि सर विमानात वेगवेगळ्या रांगांत बसणार. मिसळप्रकरणी सरांच्या वहिनींनी नाव मागे घेतलं, त्यामुळे सरांनाही घ्यावं लागतंय की काय अशी चर्चा आहे; तसं झालं तर दोन जागा रिकाम्या होतील. इच्छुक जोडप्याने कळवावं. छाटणी, काढणी आणि कुंभाचे पाहुणे यांतून मोकळीक हवी. आडनाव कसलंही चालेल, फक्त ते आडनावाच्याच रकान्यात असावं. मिसळीबद्दल मत नसावं. चिवडा आणू नये, भरपूर आहे. आणि ॲडव्हान्स परत मिळत नाही.